मैदानाचीही मशागत हवी



या पानावर एरवी आम्ही बेणं, खत, पाणी, खोडवा आणि पाचट याच विषयांवर लिहीत असतो. लागणीचा हंगाम आला की सरीचं अंतर सांगायचं, पाऊस लांबला की पाण्याचा हिशेब सांगायचा, हे आमचं नेहमीचं काम. आज मात्र थोडी वाट सोडून शाळेच्या मैदानाविषयी लिहायचं ठरवलं आहे. ‘उसाच्या माणसाला कबड्डी-खोखोशी काय देणंघेणं?’ असं कोणी विचारील. घेणं काही नाही. देणं मात्र आहे, आणि ते आमच्याच नावावर आहे. ते काय, हे शेवटी सांगतोच. आधी एक जुनी हकिगत ऐका.

कराडचं हायस्कूल आणि गोळेश्वरचा मल्ल

काही वर्षांमागे शेतकी खात्याच्या अभ्यासदौऱ्यात आम्ही पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र पाहून कराडकडे गेलो होतो. कृष्णा-कोयनेचा तो मुलूख म्हणजे उसाचं माहेरघर. आम्ही आपले वहीत फुटव्यांची संख्या टिपत होतो. बरोबरचा तिथला एक शेतकरी म्हणाला, “साहेब, ऊस बघितला, आता गोळेश्वर बी बघून जावा.” कराड शहराला अगदी लागून असलेलं हे गाव. खाशाबा जाधव यांचं गाव.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे घरातच तांबडी माती. 1940 ते 1947 या काळात ते कराडच्या टिळक हायस्कूलात शिकले. जन्मसालावरून हिशेब करून पाहा. चौदाव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत हा मुलगा हायस्कूलात होता. मधे 1942 ची चळवळ आली. भूमिगतांना आसरा देणं, निरोप पोचवणं ही कामंही त्यांनी केली. पण शाळा सोडली नाही अन् तालीमही सोडली नाही. आज दहावीला एकदा नापास झालं की आपण पोराचं दप्तर माळ्यावर टाकतो आणि त्याला ट्रॅक्टरवर बसवतो. म्हणून हा हिशेब मुद्दाम सांगितला.

याच टिळक हायस्कूलात त्यांच्या आधी आणखी एक विद्यार्थी शिकून गेला होता. त्याचं नाव यशवंतराव चव्हाण. 1960 साली महाराष्ट्र राज्य झालं, त्याचे पहिले मुख्यमंत्री. आपल्या सहकारी साखर कारखानदारीला ज्यांनी हात दिला, तेच ते. एका तालुक्याच्या गावची मराठी शाळा. तिच्या बाकावरून एक राज्य चालवायला गेला अन् एक देशासाठी पदक आणायला गेला. शाळेची इमारत किती मजली होती, हे कोणी विचारीत नाही. तिथून कोण बाहेर पडलं, तेवढंच लोकांच्या ध्यानात राहतं.

मातीतून मॅटवर

पुढे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली आणि कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाला मदत केली. तिथे गेल्यावर नवीच अडचण उभी राहिली. सारा जन्म मातीत कुस्ती केलेली, आणि तिथे कुस्ती मॅटवर. मातीत पाय रुततो, आधार मिळतो. मॅटवर पाय सरकतो, शिवाय नियम वेगळे. अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना थोडंफार शिकवलं. एवढ्या तुटपुंज्या तयारीवर हा गडी फ्लायवेट गटात सहावा आला.

पुढचं ऑलिम्पिक 1952 चं, फिनलंडमधल्या हेलसिंकीचं. पैसा पुन्हा अडला. गावाने वर्गणी केली, पण तेवढ्याने भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. आपण सभासद मंडळी कर्ज म्हणजे काय ते चांगलंच जाणतो. पीककर्जाला सात-बारा गहाण टाकताना हात थरथरतो. इथे एका मास्तराने दुसऱ्याच्या पोरासाठी स्वतःचं छप्पर गहाण टाकलं, आणि तेही पदक मिळेल की नाही याची काडीची खात्री नसताना!

खाशाबांनी 57 किलो गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. पुढे जपानचा इशिई आणि रशियाचा मल्ल यांच्याकडून ते हरले. जपान्याशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच, पुरती विश्रांती न देता, त्यांना पुढच्या लढतीला उभं केलं, आणि हक्काने बोलायला आपला कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. तरीही 23 जुलै 1952 रोजी त्यांना कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला 1996 पर्यंत, म्हणजे 44 वर्षं, थांबावं लागलं.

परत आल्यावर कराडच्या स्टेशनापासून शे-दीडशे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. बंधूंनो, मोटारी नव्हत्या म्हणून बैलगाड्या काढल्या, असं नका समजू. शेतकऱ्याकडे जी सगळ्यात मानाची वस्तू होती, ती त्याने आपल्या पोरासाठी सजवून आणली. ज्या गाडीतून ऊस गव्हाणीकडे जातो, त्याच गाड्यांनी ऑलिम्पिकचं पदक मिरवलं. आणि मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड लावले, त्यातून पैसा उभा केला आणि खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं. आम्हाला विचाराल तर पदकाइतकंच मोल या परतफेडीचं आहे.

या गोष्टीचा शेवट मात्र गोड नाही. 1955 साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले आणि पुष्कळ वर्षं त्याच पदावर राहिले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, 2000 सालचा. जिवंतपणी पाणी द्यायचं नाही आणि वाळल्यावर खताचं पोतं ओतायचं, ही आपली जुनी खोड.

आपल्या वऱ्हाडाची परंपरा

‘ते पश्चिम महाराष्ट्राचं झालं, आपल्या इकडं काय?’ असं अमडापूरच्या पारावर कोणी म्हणेल, म्हणून हेही सांगतो. अमरावतीला 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून वाढला. या मंडळाचं पथक 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी थेट जर्मनीला गेलं आणि तिथे जगापुढे कबड्डी, मल्लखांब असे आपले देशी खेळ करून दाखवले. वऱ्हाडातल्या पोरांनी परमुलखात ‘हुतुतू’चा दम घेतला तेव्हा इथे इंग्रजांचं राज्य होतं, हे ध्यानात ठेवा. कबड्डी आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ म्हणून यायला त्यानंतर 1990 साल उजाडलं, आणि त्या वर्षी बीजिंगला सुवर्णपदक आपलंच.

विदर्भातल्या कितीतरी हायस्कुलांतले ड्रिलमास्तर अमरावतीलाच तयार झाले. खाकी पँट, गळ्यात शिट्टी, हातात चुन्याची डबी. शाळा सुटल्यावर गावातली सारी पोरं ज्यांच्या मागे धावायची, ते हेच मास्तर. गणिताच्या मास्तरांचं नाव विसरलेली माणसंसुद्धा ड्रिलमास्तरांच्या शिट्टीची आठवण काढतात. आम्ही स्वतः शाळेत असताना खोखोत कच्चे होतो. खांब शिवायच्या आधीच हमखास बाद व्हायचो. पण ‘खो’ मिळाल्याशिवाय उठायचं नाही आणि मिळाल्यावर बसून राहायचं नाही, ही शिस्त तिथेच लागली. नोकरीतही तीच कामी आली.

आणि आताची गोष्ट ऐका. आपल्या बुलडाण्याचा प्रथमेश जावकर हा तिरंदाज. 2023 च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्याने जगातला अव्वल नेमबाज, नेदरलँड्सचा माइक श्लोसर, याला अंतिम लढतीत एका गुणाने हरवलं आणि सुवर्णपदक आणलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्ण जिंकणाऱ्या कंपाउंड संघातही तो होता. त्याच संघात नागपूरचा ओजस देवतळेही होता. म्हणजे तिघांच्या संघात दोघे विदर्भाचे. आपल्या जिल्ह्याची जमीन हलकी आहे, पाणी कमी आहे, हे आम्ही रोजच ऐकतो. पण पोरं हलकी नाहीत.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे. तिथला अविनाश साबळे गरीब घरचा, आई-वडील वीटभट्टीवर राबलेले. शाळा सहा-एक किलोमीटर लांब, वाहन नाही, म्हणून चालत-पळत जायचा. पुढे सैन्यात गेला आणि तिथे धावण्याची दिशा सापडली. 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 ला हांगझोऊला सुवर्ण. हा बीड जिल्हा म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा. आपल्या कारखान्याभोवती कोप्या टाकून राहणाऱ्या टोळ्यांमधली जी लेकरं मोळ्यांवर चढून उड्या मारतात, त्यांतही असा एखादा असेल. त्याला शाळा आणि सपाट जागा मिळाली तरच तो कळणार.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक घेऊन आला. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. एवढं मोठं पीक, आणि दोन कणसांच्या मधे इतकं अंतर! याचं कारण बेणं वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. रानच तयार नाही.

मैदानाचा हिशेब

आता आमच्या खात्याच्या पद्धतीने हिशेब मांडू. कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, म्हणजे 130 चौरस मीटर. सात-बाराच्या भाषेत सव्वा-दीड आर. खोखोचं मैदान 27 बाय 16 मीटर, म्हणजे साडेचार आरसुद्धा नाही. दोन्ही मिळून सहा आरांत बसतात, भोवती मोकळी जागा धरली तरी दहा आर पुरे. चारशे मीटरचा धावमार्ग मात्र मोठा, त्याला चारेक एकर लागतात. तो प्रत्येक गावात होणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण दहा आर जागा नाही असं गाव आपल्या कार्यक्षेत्रात कुठे आहे? जागा आहे. ती सपाट ठेवायची आणि दुसऱ्या कामाला वापरायची नाही, एवढंच जमत नाही.

आणि खेळणं म्हणजे उनाडक्या नव्हेत. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. वरच्या पायऱ्यांवर गेलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. ज्या घरात जमीन दोन भावांत वाटून एकर-दीड एकरावर आली आहे, त्या घराला हा रस्ता काही लहान नाही.

आमच्या नावावरचं देणं

आता सुरुवातीला म्हटलेलं देणं सांगतो.

मागच्या गळीत हंगामात आमच्या गटातल्या एका गावात ऊस एकदम तोडीला आला. गावाचं आणि शाळेचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नाही. रस्ता अरुंद, गाड्या उभ्या करायला जागा नाही. हायस्कूलचं मैदान मात्र रस्त्याला लागून मोकळं. आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हणालो, “सर, आठ दिवस गाड्या लावू द्या. कारखान्याचं काम म्हणजे गावाचंच काम.” सरांना नाही म्हणता आलं नाही. शाळा सभासदांच्याच लेकरांची. त्यांनी एवढंच विचारलं, “साहेब, आठच दिवस ना?” आम्ही हो म्हणालो.

आठाचे चाळीस दिवस झाले. मधेच अवकाळीची एक सर आली. काळी जमीन, वर भरलेल्या ट्रक-ट्रॉल्यांचं ओझं. चाकांनी वीत-वीतभर खोल घळी पाडल्या आणि ऊन पडल्यावर त्या दगडासारख्या वाळल्या. ओल्या रानात वजनदार गाडी घातली तर जमीन आवळून बसते, हे आम्हीच शेतकरी मेळाव्यात तुम्हाला सांगत असतो. मैदानही जमीनच आहे, हे मात्र त्या वेळी आमच्या ध्यानात आलं नाही.

त्या शाळेत नववीतली एक मुलगी होती. धावण्यात जिल्ह्यात पहिली आली होती आणि विभागीय स्पर्धेला जायची होती. तिचे वडील आपले सभासद, दोन एकर ऊस. मैदान गेलं म्हणून ती पहाटे डांबरी रस्त्यावर धावायची. भरल्या गाड्यांची वर्दळ बघून घरच्यांनी ते बंद केलं. मग ती मैदानाच्या कडेकडेने, घळी चुकवत धावू लागली. एके दिवशी पाय घळीत गेला अन् घोटा मुरगळला. स्पर्धेला सहा दिवस उरले होते. ती गेली नाही.

आम्हाला हे कळलं ते दोन दिवसांनी, आमच्या चिटबॉयकडून. आम्ही त्यांच्या घरी गेलो. ती ओसरीवर पाय लांब करून बसली होती, पायाला हळदीचा लेप. आम्ही काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “बाई, पुढच्या वर्षी जाशील.” ती म्हणाली, “पुढच्या वर्षी गाड्या येतीनच नं, सर.” वडिलांनी तिला गप्प केलं. आम्हाला चहा दिला. तक्रार एका शब्दाची केली नाही. उलट विचारलं, “सायेब, आपली तोड कधी येईन?” त्यांनी चार शब्द सुनावले असते तर आम्ही हलक्या मनाने परत आलो असतो. त्या दिवशी आम्ही गाडी सुरू केली आणि बराच वेळ कुठे जायचं तेच सुचेना.

खर्डेकर सरांनी दुसऱ्याच्या पोरासाठी घर गहाण टाकलं. आम्ही दुसऱ्याच्या पोरीचं मैदान फुकटात उचललं, आणि तेही आमचीच सोय म्हणून. हे छापून यावं असं आम्हालाच वाटलं. कारण असा प्रकार फक्त त्या एका गावात झाला, असं आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आता काय करायचं

हंगाम संपल्यावर आम्ही, चिटबॉय आणि गावातले दोन ट्रॅक्टरवाले सभासद मिळून त्या मैदानावर गेलो. आधी उथळ नांगरट, मग फळी, मग पाणी देऊन रोलर. डिझेल आम्ही आमच्या खिशातून घातलं. ट्रॅक्टरवाल्यांनी भाडं घेतलं नाही. खेळाच्या मास्तरांनी चुन्याने रेघा ओढल्या. जमीन अजून एका पावसाळ्यात नीट बसेल. तिथे गाडी लावायची नाही, असं आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

सभासदांना आमची विनंती अशी :

येत्या हंगामात शाळेच्या मैदानावर ऊसगाडी, मोळ्यांचा ढीग किंवा टोळीच्या कोप्या नकोत. जागेची अडचण असेल तर लागण नोंदवतानाच आमच्या शेतकी कर्मचाऱ्याला सांगा. पडीक रान किंवा खळ्याची जागा आधीच पाहून ठेवू. तोडीच्या घाईत शोधायला गेलं की शाळाच दिसते.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर-रोलर आहे, त्यांनी वर्षातून एक दिवस, पावसाळा सरल्यावर, आपल्या गावच्या मैदानाला द्यावा. खोडव्याला बगला फोडायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागत नाही.

टोळीच्या मुकादमांना सांगा की त्यांची लेकरंसुद्धा संध्याकाळी त्या मैदानावर आली तर चालतील. ती आपल्याच उसासाठी आपलं गाव सोडून आली आहेत.

आणि माता-पित्यांनो, मुलगी धावते म्हणाली तर ‘लोक काय म्हणतील’ हे आधी काढू नका. आधी तिच्या पायातले बूट बघा.

ऊस विकास अधिकाऱ्याने मैदानाचा विकास सांगावा, हे काहींना नवल वाटेल. पण बारा महिन्यांचा ऊस आम्हाला कळतो. पोरगं उभं राहायला पंधरा-सोळा वर्षं लागतात, आणि त्याला खोडवा नसतो. एकदा हुकलेली लागण पुन्हा धरता येत नाही.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. परवा आम्ही अमडापूरहून परत येताना संध्याकाळी शाळेपाशी गाडी थांबवली. मैदानावर पाच-सात मुली होत्या आणि ती त्यांच्यात पुढे धावत होती. आम्ही हाक मारली नाही. कुंपणापाशी थोडा वेळ उभे राहिलो आणि मग निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी बेणेमळ्याची पाहणी होती.

आपला,
ऊस विकास अधिकारी
(शेतकी विभाग)